गोरोबाकाका आणि आपली माणसे



बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय मिस्सेत क्वचितच ऐकायला मिळतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला हा विद्वान गृहस्थ. शास्त्राभ्यासापेक्षा मोठे काही नाही असे त्याचे ठाम मत. पण या अध्यायाच्या शेवटी तो पोथी मिटून जणू कारागिरांच्या आळीतून एक फेरी मारून येतो. नांगर धरणारा शेतकरी, मुद्रा कोरणारा, भट्टीच्या धगीत ऐरणीजवळ बसलेला लोहार, पायाने चाक फिरवणारा कुंभार, सगळे त्याला दिसतात. यांना कोणी सल्लामसलतीला बोलावत नाही, न्यायासनावर बसवत नाही, हे तो सरळ सांगतो. आणि लगेच म्हणतो की यांच्यावाचून गाव वसत नाही, आणि यांची प्रार्थना यांच्या हातातल्या कामातच असते.

कसब्यात हा अध्याय समजावून सांगायची गरज पडू नये. कसबा हे पुण्याचे मूळ गाव, आणि इथल्या आळ्यांची नावेच धंद्यांवरून पडलेली: तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. तांबट आळीतून जाताना हातोडीचा ठोका अजून ऐकू येतो. मठारकाम करताना एकेक ठोका शेजारी शेजारी बसवत जावे लागते. त्या ठोक्यांनीच तांब्याचा पत्रा कडक होतो आणि भांड्याला ती ओळखीची चमक येते. हंडे, कळश्या, बंब आता घरोघरी राहिले नाहीत, स्टेनलेस स्टीलने त्यांची जागा घेतली. कुंभारवाड्यातली बरीच कुटुंबेही पुढे मुंढव्याला केशवनगरात गेली. आळीचे नाव मात्र राहिले.

आपल्या धर्मग्रामातल्या अनेकांची मुळे अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतल्या गावांत आहेत. कोणाचे वडील सुतार, कोणाचे गवंडी, कोणाचे आजोबा चपला शिवणारे. नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा महिना. वहीत नाव लिहायला लोक येतात तेव्हा दोन शब्द बोलतात. "फार हसतमुख होते, फादर. दुकानात बसले की गाव जमायचे." आणि मग, जरा ओशाळून, "तसे विशेष काही केले नाही त्यांनी." हे शेवटचे वाक्य आम्हाला दर वर्षी खटकते. चार मुले वाढवली, आयुष्यभर लोकांच्या दारांना चौकटी बसवल्या, कोणाला रडत घरी पाठवले नाही, आणि विशेष काही केले नाही?

म्हणून आज आपण एका कुंभाराची आठवण काढू. तो आपल्या धर्माचा नव्हता. पण इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले आहे, आणि महाराष्ट्रात राहून गोरोबाकाकांना परके म्हणणे आम्हाला जमणार नाही.

संत गोरा कुंभार तेरचे. तेर हे धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी आहे. गाव फार जुने. 'तगर' या नावाने त्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात येतो. तिथला माल तेव्हा गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. पहिले शतक म्हणजे आपल्या प्रभूचेच शतक, हे जाता जाता लक्षात ठेवू. गोरोबा होऊन गेले त्यानंतर बाराशेहून अधिक वर्षांनी, ज्ञानदेव-नामदेवांच्या काळात. संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सगळ्यांचे 'काका'. बायको होती, मूल होते, चाक होते, आवा होता. संसार सोडून कुठे गेले नाहीत.

त्यांची एक आख्यायिका लहानपणी आपण सर्वांनी ऐकली आहे. संत जमले आहेत, आणि काका मडकी थापटायचे लाकडी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारत फिरत आहेत: कोणते मडके पक्के, कोणते कच्चे? बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे आहे! पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले, ती कथा वेगळी. आम्हाला आवडते ते हे की या माणसाने धंद्याचे हत्यार संतांच्या बैठकीत आणले आणि सत्य थट्टेत सांगितले. भांड्याची पारख हाताला ठाऊक होती, तीच माणसाला लावली.

अशा थट्टेला आपण हलके समजतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस मोठ्या गंभीर चेहऱ्याने शिकवले गेले. पण त्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे निर्मळ विनोदबुद्धीला सद्गुणांत जागा दिली आहे, आणि त्याच प्रकरणात विचारले आहे की हास्याचा अभाव हे पाप असू शकते का. उत्तर 'होय' असे आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, तो शेजाऱ्याला भार होतो. घरी ज्यांना हे लागू पडते त्यांनी बायकोकडे न बघता वाचावे.

पण गोरोबांची दुसरी कथा सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बायको पाण्याला गेली, मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. काका चिखल तुडवत होते. नामस्मरणात इतके रंगले की मूल रांगत चिखलात आले ते दिसले नाही, आणि ते पायाखाली गेले. कीर्तनकार ही कथा भक्तीच्या तल्लीनतेचे उदाहरण म्हणून सांगतात. आम्हाला दर वेळी आधी ती आई दिसते, भरलेली घागर घेऊन परत आलेली.

आख्यायिकेत पुढे पंढरपुरात मूल रांगत परत येते. आपल्या घरांत तसे होत नाही. दुकानात, मंडळात, इतकेच काय चर्चच्या गायनवृंदात सर्वांना हसवणारा, आणि उंबरठ्याच्या आत आला की पोरांकडे न पाहणारा बाप आपण पाहिला आहे. भक्ती खरी असते, आनंदही खरा असतो. फक्त पायाखाली कोण आहे ते त्याला दिसत नाही. अशा माणसाचे नाव वहीत लिहिताना मुलांचा हात अडखळतो, आणि त्यांना आपण दोष देऊ नये.

इथे आम्हाला नाझरेथचा सुतार आठवतो. नाझरेथ हेही खेडेच. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस 'कामगार संत योसेफ' यांचा सण ठरवला, पण शुभवर्तमानात योसेफचा एकही शब्द नाही. तो भक्त होता, स्वप्नात देवाचा निरोप ऐकणारा होता. आणि निरोप ऐकल्यावर तो काय करतो? मत्तय सांगतो, रात्रीच उठतो आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघतो. त्याच्या भक्तीत मूल कधी नजरेआड होत नाही.

तो हसतमुख होता का? लिहिलेले नाही. पण त्याच्या हाताखाली वाढलेल्या मुलाने पुढे लोकांना विचारले, भावाच्या डोळ्यातले कुसळ तुला दिसते आणि स्वतःच्या डोळ्यातले मुसळ कसे दिसत नाही? डोळ्यात आख्खे लाकूड घेऊन दुसऱ्याचा कण काढायला निघालेला माणूस डोळ्यांसमोर आणा. ही सुताराच्या दुकानातली थट्टा आहे. भुसा उडत असताना, रंधा चालू असताना, असे काहीतरी कोणीतरी त्या मुलाशी बोलले असावे असे आम्हाला मनापासून वाटते.

वही महिनाअखेरपर्यंत वेदीजवळ ठेवलेली आहे. या वर्षी नावापुढे त्यांचा धंदाही लिहा: सुतार, गवंडी, शिंपी, रिक्षाचालक, घरकाम, जे असेल ते. ३० तारखेला शेवटच्या मिस्सेत आम्ही नावे धंद्यासह वाचणार आहोत. आणि ज्यांच्याकडे वडिलांचे एखादे हत्यार उरले असेल, थापी, रंधा, कात्री, त्यांनी ते त्या दिवशी अर्पणाच्या वेळी वेदीपाशी घेऊन यावे. मिस्सेनंतर परत न्यायला विसरू नये.

तुमचे धर्मगुरू