दार आणि पडदा

दिवाळीचे चार दिवस पुढच्या दाराला कडी लावायची नाही, असा माझ्या आजीचा दंडक होता. माजघराच्या दारावरचा पडदा मात्र ती हटकून सोडलेला ठेवी. लहानपणी मला यात विसंगती दिसे. आता मी स्वतःच तसा वागतो. फक्त दार आणि पडदा संगणकावर आहेत.

मॅस्टोडॉन नावाचे समाजमाध्यम जर्मनीतल्या ऑयगेन रोश्को या तरुणाने २०१६ साली सुरू केले. त्याला एक मालक नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक निराळा आणि नियम निराळे. तरी एका गावचे पत्र दुसऱ्या गावी पोचावे तसे बोलणे पोचते. २०१९ च्या अखेरीस ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले, तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ लोक रागाने तिकडे गेले. मीही गेलो. मालक नको, शेजारी हवा, असा आमचा आव होता.

शेजारी मिळाला. माझा सर्व्हर एक गृहस्थ नोकरी सांभाळून चालवतात. तिथली खाजगी पत्रे मोहोरबंद नसतात. मनात आणले तर ते ती वाचू शकतात. कंपनीने माझे पत्र वाचले तर मला संताप येईल. या गृहस्थांनी वाचले तर लाज वाटेल. आणि खरे सांगायचे तर लाजेची धास्ती मला अधिक आहे!

पण घोटाळा झाला तो निराळाच. लंडनच्या माझ्या एका मित्राशी कवितेवरून रोज भांडण चाले. एके दिवशी ते थांबले. त्याच्या सर्व्हरवरची काही मंडळी बायकांना गलिच्छ लिहीत आणि तिथला चालक दुर्लक्ष करी, म्हणून आमच्या गृहस्थांनी तो सर्व्हरच तोडला. मित्राचा काडीचा दोष नव्हता. मी तक्रार केली. उत्तर नम्र होते : आपण सर्व्हर बदलू शकता. बदलता येतो, हे खरे. आपले वाचक बरोबर येतात. जुने लिखाण मात्र मागे राहते. बिऱ्हाड हलवायचे, पण भांडी तिथेच!

पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये रायन बॅरेट हा प्रोग्रामर मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय यांच्यामध्ये पूल बांधत होता. जो नको म्हणणार नाही त्याचे जाहीर लिखाण आपोआप पलीकडे जाणार होते. गदारोळ उठला आणि अखेर, जो हो म्हणेल त्याचेच जाईल, असे ठरले. त्या गदारोळात मी होतो. ओसरीवर बोललेले येणाराजाणारा ऐकतो, हे मला मान्य आहे; ते कोणी कर्ण्यावरून पलीकडच्या पेठेत ऐकवावे, हे नाही.

मला विचारले का नाही, ही माझी दोन्ही वेळची तक्रार. पण त्या शिव्या माझ्या बहिणीला आल्या असत्या, तर सर्वांना विचारून होईपर्यंत मी थांबलो असतो का? नसतो. आदल्या रात्रीच का तोडले नाही, म्हणून त्याच गृहस्थांशी भांडलो असतो.

मित्राशी आता ई-मेलवर भांडतो. सर्व्हर बदललेला नाही. त्या गृहस्थांना यंदा एक दिवाळी अंक पाठवला आहे; त्यांचा पत्ता मात्र मला त्यांच्याकडेच मागावा लागला, आणि तो त्यांनी दोन दिवस विचार करून दिला.