हौसेचं परिमाण

मैत्रिणींनो, केवळ स्वतःच्या आनंदासाठी कॅमेरा घ्यावा का? माझ्या मते जरूर घ्यावा. प्रश्न आहे तो कोणता घ्यावा हा.

मला रेंजफाइंडरची ओढ. त्यात भिंगातून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायचं. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस जुळला. चौकटीबाहेरचंही दिसतं, त्यामुळे फोटोत कोण येणार हे आधीच कळतं. १९५४ सालचा लायका एम३ असाच आहे. पण त्याला फिल्म लागते, आणि फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा. जे आपण ताटात घेत नाही, ते हौसेत कसं चालावं?

म्हणून मी त्याच धाटणीचा दिसणारा डिजिटल फुजीफिल्म एक्स१०० घेतला, तोही वापरलेला. २०११ साली बाजारात आलेला. त्याचं भिंग एकच, बदलता न येणारं. लोक त्याला उणीव म्हणतात. मला ते परिग्रह-परिमाण वाटतं, कारण पुढचं भिंग घ्यायचा मोहच उरत नाही.

बॅटरीसाठीही खाणी खोदाव्या लागतातच. पूर्ण निर्दोष वस्तू कुठली मिळायला? कमी हिंसेची निवडावी आणि झिजेपर्यंत वापरावी, एवढं मात्र आपल्या हातात आहे.