कोट निवडण्याआधी

जानेवारीच्या सकाळी भोपाळच्या अरेरा कॉलोनीतून शाहपुऱ्याच्या तळ्याकडे फिरायला निघालेली माणसं पाहावीत. कुणी बंद गळ्याच्या कोटात, कुणी गुडघ्यापर्यंतच्या ओव्हरकोटात, कुणी शाल आणि कानटोपीत. थंडीसाठी एखादा चांगला, वर्षानुवर्षं टिकणारा कोट करायचा म्हटलं की आपण नमुना शोधतो सिनेमात नाहीतर जाहिरातीत. तिथला कोट देखणा असतो. पण तो ज्या थंडीसाठी जन्मला, ती थंडी चित्रात दिसत नाही.

ज्याला आपण अभिजात म्हणतो, त्या कोटाचा एकेक भाग गरजेतून आला आहे. मागची चीर घोड्यावर नीट बसता यावं म्हणून. छातीवर येणारे दोन पदर वारा अडवण्यासाठी. ट्रेंचकोट पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी चिखलपावसात वापरला. त्याचं पाण्याला दाद न देणारं गॅबर्डीन कापड थॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये शोधलं होतं. आपल्याकडचे जुने मास्तर आणि वकील धोतरावर बंद गळ्याचा कोट घालत. गळा झाकलेला राहतो, म्हणून मफलरीवाचूनही सकाळ निभते.

भोपाळची थंडी कोरडी. जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी चोवीस-पंचविसावर चढतो. लंडनच्या हवेसाठी विणलेलं जड कापड इथे अकरा वाजता अंगावरून हातावर येतं. इथे शोभतो तो मांडीपर्यंतचा, मध्यम वजनाच्या लोकरीचा, सहज बटणं सोडता येतील असा कोट. त्यासाठीचं कापडही फार दूरचं नाही. याच राज्यातल्या, मराठी बोलणाऱ्या सौंसर तालुक्यात, बोरगावला, रेमंडची गिरणी १९९१ पासून लोकरी कापड विणते आहे.

दुसऱ्याचं रूप उचलणं सोपं असतं, त्यामागचं कारण समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. कपड्यांत, घराच्या बांधणीत, मुलांच्या शिक्षणातही आपण पुष्कळदा दुसऱ्याचं उत्तर घेऊन येतो आणि आपला प्रश्न तसाच राहतो. ज्याने आपली हवा, आपली चाल, आपला दिवस ओळखला, त्याची निवड दहा वर्षांनीही जुनी दिसत नाही.

म्हणून नवा कोट घेण्याआधी घरातली ट्रंक उघडा. वडिलांचा किंवा आजोबांचा कोट असेल, तर अंगात घालून आरशासमोर उभे राहा. लांबी कमी करता येते, कंबर आत घेता येते, अस्तर बदलता येतं. खांदा बदलणं मात्र फार अवघड. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाशी येऊन थांबत असेल, तर तो कोट तुमचा आहे. बाकीचं चांगला शिंपी सांभाळून घेईल.