मोजपट्टी कशासाठी?

बुद्धी मोजावी का? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिचाचणी तयार केली, ती अभ्यासात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत देता यावी म्हणून. अमेरिकेत मात्र हीच मोजपट्टी माणसांना ‘मंदबुद्धी’ ठरवू लागली. कॅरी बक या तरुणीवर तसा शिक्का बसला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने तिची सक्तीने नसबंदी झाली.

बिने यांची चाचणी कामतांनी मराठी-कानडी मुलांसाठी बेतली. ती आजही आपल्याकडे वापरली जाते. पालकहो, अहवाल हाती आला की ‘आमचं मूल कितवं?’ असे विचारू नका. ‘त्याला कसली मदत हवी?’ हे विचारा. चाचणी त्यासाठीच जन्मली. मुलाचे मोल ठरवणे हे तिचे काम नव्हे.