तुकड्याची अमानत

आमच्या भोकरच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. सातबाऱ्याचे उतारे, अब्बा-अम्मीचा निकाहनामा, मुलांचे शाळेचे दाखले, सगळे त्यातच. त्याच पेटीत दोन आजारांचे कागदही आहेत. एक जाड फाईल मामूंची, त्यांच्या मेंदूतल्या गाठीची. दुसरे एक सुतळीने बांधलेले चिठ्ठ्यांचे पुडके चाचीचे, तिच्या खाजेचे. मामूंचा आजार सव्वा वर्षात संपला, मामूंना घेऊनच. चाचीचा अकरा वर्षे चालू होता आणि आजही पुरता गेलेला नाही. एकाला सगळे गाव भेटायला आले. दुसरीला कुणी आजारी मानलेच नाही. पण या दोन आजारांनी आम्हाला एकाच प्रश्नापाशी आणून सोडले आहे: माणसाच्या शरीरातून जे ज्ञान काढले जाते, ते कुणाचे?

मामूंचे डोके दुखायचे, मग उजवा हात ढिला पडू लागला. नांदेडला फोटो काढला तेव्हा गाठ दिसली. नंदिग्राम एक्स्प्रेसने त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमच्या हातात कागद आले. त्यातल्या एका कागदावर विचारले होते की काढलेल्या गाठीचा उरलेला भाग संशोधनासाठी जपून ठेवायला तुमची परवानगी आहे काय. खाली दोन चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. कागद मराठीतच होता, पण त्यात 'ऊतक', 'जैविक नमुना', 'अनामिक स्वरूपात' असे शब्द होते. मामू चौथीपर्यंत उर्दू शिकलेले. त्यांनी विचारले, "इसमें क्या लिखेले हैं रे?" आम्ही म्हणालो, "ऑपरेशन का कागद है मामू, अंगूठा लगाव." त्यांनी लावला. 'हो'च्या चौकोनात खूण आम्हीच केली. नाही म्हटले तर इलाज नीट होणार नाही, अशी एक भीती मनात होती. असे होत नसते, हे आम्हाला नंतर कळले. ते त्याच कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलेलेही होते. आम्ही ती ओळ वाचली नव्हती.

रांग मोठी होती, समजावून सांगायला कुणाला सवड नव्हती, हे खरे. पण दोष रांगेवर ढकलून आम्हाला सुटता येत नाही. आम्ही शिकलेले. मराठी वाचतो, लिहितो, मुशायऱ्याला आणि साहित्य संमेलनालाही जातो. आमच्याच माणसाला चार ओळींचा अर्थ सांगायला आम्हाला पाच मिनिटे मिळाली नाहीत.

मामू गेल्यावर चाळिसाव्याला घरात हा विषय निघाला. एक बुजुर्ग नाराज झाले. म्हणाले, शरीर अल्लाहची अमानत आहे, ते अखंड जमिनीत जायला हवे होते. दुसऱ्यांचे म्हणणे वेगळे होते. गाठ तर काढावीच लागणार होती, मग ती कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या कामी आली तर ती सदका-ए-जारियाच झाली. फतव्याचा भाग आम्ही उलेमांवर सोडतो. आमची अडचण निराळीच आहे. देण्याला नियत लागते, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. जे दिले ते मामूंना माहीतच नव्हते, तर ते त्यांनी दिले असे म्हणायचे काय? आणि त्यांनी दिले नसेल, तर आम्ही कुणाच्या मालकीची वस्तू देऊन आलो?

या प्रश्नाचे वजन कळायला, तो तुकडा लागतो कशाला हे आधी समजून घेतले पाहिजे. आम्ही समजत होतो की गाठ म्हणजे एकाच जातीच्या पेशींचा गोळा. तसे नाही. मामूंना झाला त्या ग्लायोब्लास्टोमाबद्दल 2014 साली अमेरिकेत बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच रुग्णांच्या गाठींतल्या 430 पेशी त्यांनी एकेक करून तपासल्या. एकाच रुग्णाच्या एकाच गाठीत निरनिराळ्या प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदताना त्यांना सापडल्या. एका औषधाने त्यातल्या काही मरतात, काही दबून राहतात, काहींवर परिणामच होत नाही. उरलेल्या पुन्हा वाढतात. या आजारात 2005 साली जो मोठा टप्पा मानला गेला, तो असा होता: किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध दिले, तेव्हा 573 रुग्णांच्या त्या चाचणीत आयुष्याचा मध्यम आकडा 12.1 महिन्यांवरून 14.6 महिन्यांवर गेला. अडीच महिने! वाचताना हसू येईल. पण मामूंच्या धाकट्या मुलीचा निकाह अशाच मिळालेल्या दिवसांत झाला आणि मामू खुर्चीवर बसून त्याला हजर होते. आम्ही त्या अडीच महिन्यांना हसत नाही.

हे काम फक्त परदेशात चालते असेही नाही. टाटा मेमोरियल हे इस्पितळ परळला 1941 साली सुरू झाले. त्याच संस्थेचे संशोधन केंद्र खारघरला आहे. तिथे डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने 2015 साली दाखवले की किरणांच्या माऱ्यातून वाचलेल्या थोड्या पेशी एकमेकींत मिसळून टिकाव धरतात आणि त्यांतूनच गाठ परतते. तिथल्याच डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली लहान मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे प्रकार ओळखण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. एकाच नावाच्या त्या गाठीचे चार मुख्य गट मानले जातात आणि गटाप्रमाणे पुढचे भविष्य बदलते. ही चाचणी मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या तुकड्यांवरही करता येते. म्हणजे एखाद्या आईबापाने वर्षांपूर्वी दिलेला तुकडा आज दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या कामी येऊ शकतो. प्रत्येक गाठ वेगळी, म्हणून प्रत्येक तुकडा मोलाचा. आमच्या भागातल्या माणसांचे तुकडे तिथे नसतील, तर आमच्या आजाराची ओळखही त्या पुस्तकात कमी असेल. म्हणून आम्ही आज सांगतो की द्यावे. जरूर द्यावे. पण समजून द्यावे.

आता चाचीचे पुडके. चाची रोजाने खुरपणीला जाते. कापूस, सोयाबीन, तूर, जिथे काम मिळेल तिथे. अकरा वर्षांपूर्वी तिच्या पापण्या सुजू लागल्या. मग मान, मग कोपराच्या आतली बाजू. कातडी काळी, जाड, हत्तीच्या कातडीसारखी झाली. रात्र रात्र झोप नाही. कुणी खरूज म्हटले, कुणी नायटा, कुणी रक्त खराब आहे म्हटले. शेजारच्या एका बाईने करणीचा संशय घेतला आणि तावीजही झाला. दुकानातून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावून लावून कातडी काही जागी कागदासारखी पातळ झाली. लग्नकार्यात बायका तिच्या ताटात जेवायला बसेनात. दस्तरखानावर तिच्यासाठी वेगळा कोपरा झाला. तो कोपरा आमच्याच घरातला होता, हेही लिहिले पाहिजे.

अखेर एका त्वचारोगतज्ज्ञाने तिच्या पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. त्या तपासणीला पॅच टेस्ट म्हणतात. जर्मन डॉक्टर यादासोन यांनी ती 1895 साली मांडली. एका पट्टीखाली कातडी सुजून वर आली होती. ती पट्टी गाजरगवताची होती.

गाजरगवत! काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा, आमच्या बांधाबांधावर, रेल्वेच्या कडेला, कब्रस्तानाच्या भिंतीलगत ते माजलेले आहे. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. 1955-56 च्या सुमारास पुण्याच्या परिसरात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्रास मानले जाते. त्यानंतर पुण्याकडे खाजेचे रुग्ण वाढले. डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह 1974 साली या त्वचारोगावर निबंध प्रसिद्ध केला. गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने हा त्रास होतो, हे कळले. एकदा शरीराने या द्रव्याला शत्रू ठरवले की त्याचा बारीकसा कण हवेतून अंगावर बसला तरी ते पेटून उठते. आज भारतात वापरल्या जाणाऱ्या पॅच टेस्टच्या नेहमीच्या संचात गाजरगवताची पट्टी असते.

म्हणजे चाचीच्या आजाराचे उत्तर तिच्या आजारापूर्वी कित्येक दशके या महाराष्ट्रात, मराठी बोलणाऱ्या रुग्णांच्या अंगावरून मिळालेले होते. त्या रुग्णांनी पाठ दिली, वेळ दिला, त्रास सोसला. त्यातून झालेले ज्ञान इंग्रजी नियतकालिकात गेले, मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत पोचले. पुण्याहून भोकरला यायला त्याला अर्धे शतक पुरले नाही.

इथे आम्हाला दोन्ही आजार एकाच दोरीला बांधलेले दिसतात. मामूंनी न कळता दिले. चाचीला जे कळायला हवे होते, ते कुणी दिले नाही. दोन्हीकडे तुटलेली कडी एकच, समजावून सांगण्याची.

शरीरशास्त्रातली एक गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते. चाचीचे शरीर एका गवताच्या कणाला, जो एरवी तिचा जीव घेणार नव्हता, शत्रू समजून स्वतःचीच कातडी जाळत राहिले. मामूंचे शरीर आपल्याच पेशी म्हणून ज्यांच्याकडे दुर्लक्ष करत राहिले, त्यांनी त्यांचा घात केला. परक्याला विनाकारण दुश्मन ठरवणे आणि आपल्यातल्या बिघाडाला आपला म्हणून पाठीशी घालणे, या दोन्ही चुका समाजही करतो. पण हे साम्य फार ताणू नये. आजार हा कुणाच्या पापाचा धडा नसतो. आजारी माणसाकडे धडा म्हणून पाहिले की त्याचे दुखणे दिसेनासे होते. चाचीच्या ताटाचे तेच झाले.

आपल्या वारशात याचे चांगले उदाहरण आहे. सुमारे 1,100 वर्षांपूर्वी अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे लक्षणे बारकाईने पाहून लिहून ठेवले. तोवर अंगावरचे पुरळ म्हणजे पुरळ. त्याच राझींनी अबू झैद बल्खी नावाच्या विद्वानाला वसंतात गुलाब फुलले की सर्दी का होते, यावरही लिहिले. एकीकडे माणसे मारणारी देवी आणि दुसरीकडे एका माणसाचे वाहते नाक. राझींना दोन्ही लिहिण्याजोगी वाटली. जीव घेणाऱ्या दुखण्याचीच दखल घ्यायची आणि झोप घेणाऱ्या दुखण्याला दुखणे म्हणायचे नाही, ही वृत्ती आपण कुठून उचलली?

संशोधकांचे देणे काय, हाही प्रश्न आहेच. 1951 साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, विकल्या गेल्या. त्यातून औषधे आणि लसींच्या कामाला मोठी मदत झाली. तिच्या घरच्यांचा एका कंपनीशी समझोता झाला तो 2023 साली, तिच्या मृत्यूनंतर 72 वर्षांनी. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली काढलेल्या नैतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत घ्यावी आणि संशोधनाचा लाभ ज्यांच्याकडून नमुने घेतले त्यांच्यापर्यंत पोचावा. सूचना चांगल्या आहेत. पण 'समजेल अशी भाषा' कागदावर छापून तयार होत नाही. ती कुणीतरी खाटेशेजारी बसून बोलावी लागते. खारघरच्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शक सोडून भोकरच्या बांधावर यावे, अशी मागणी आम्ही करणार नाही. त्यांचे काम त्यांनी करावे. मधले अंतर चालायचे काम आमचे आहे, ज्यांना दोन्हीकडची भाषा थोडी थोडी येते.

आपण मराठी मुसलमान आपल्या भाषेबद्दल पुष्कळ बोलतो. मराठी आमची आहे, हे सांगण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. ते सांगणे आवश्यक होते. पण ती भाषा आपल्या घरातल्या अंगठेबहाद्दर मामूच्या उपयोगी पडत नसेल, तर ती आमच्या मिरवण्यापुरतीच उरते.

मामूंची नियत आम्ही आता त्यांच्या वतीने करू शकत नाही. त्यांना विचारले असते तर ते बहुधा हो म्हणाले असते, कारण ते रस्त्यात पडलेला काटाही उचलून बाजूला टाकणारे होते. पण 'बहुधा' म्हणजे संमती नव्हे. ती चूक चूक म्हणूनच पेटीत राहील. आम्ही एवढेच करू शकलो की घरातल्या सगळ्यांना बसवून तो कागद पुन्हा, सावकाश, दख्खनीत वाचून दाखवला. मामी शेवटी म्हणाल्या, "इतनाच था, तो उनकू बोलना था ना."

आणि गेल्या पावसाळ्यात, गाजरगवताला फुले येण्याआधी, जुम्म्याच्या नमाजनंतर काही पोरांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालून कब्रस्तानातले गवत मुळासकट उपटले. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी त्याला हात लावायचा नाही, हेही सांगितले. चाची ओट्यावर बसून लांबूनच पाहत होती. रोजंदारी तिला सोडता येत नाही, पण आता ती तोंडाला ओढणी गुंडाळून, हात झाकून जाते आणि गवत माजलेल्या रानातले काम नाकारते. त्या दिवसाची मजुरी बुडते. ती भरून काढणे हे घराचे फर्ज आहे, असे आम्ही ठरवले आहे. दस्तरखानावर ती आता मधे बसते.