१ जूनला जन्मलेली माणसं

तुमच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात असेल तर जन्मतारीख बघा. १ जून असण्याची शक्यता बरीच आहे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस या एकाच दिवशी येतो. जन्माची नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये भरायची, आणि गुरुजींनी अंदाजाने वय धरून सोयीची तारीख टाकली. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, 'गांधीजी गेले त्या सालच्या पावसाळ्यात झाला.' ही माहिती खरी होती, पण रकान्यात बसत नव्हती. म्हणून तिच्या जागी नीटनेटकी खोटी तारीख आली आणि पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं त्याच तारखेवर चाललं.

मी नाशिकमध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. फॉर्म बनवणं हे आमच्याकडे किरकोळ काम, नव्या पोरांकडे ढकलायचं. पण मला वाटतं, आमच्या कामातला एक मोठा नैतिक प्रश्न तिथेच बसलेला असतो. माणूस आणि रकाना जुळत नसतील, तर बदलायचं कोणी? स्क्रीनचं उत्तर ठरलेलं असतं. लाल अक्षरांत 'अवैध' असं ती माणसाला सांगते, रकान्याला कधीच नाही.

नावाचंच घ्या. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव ही आपली तीन खोकी आपल्याला निसर्गनियमासारखी वाटतात. पण मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येईल. म्हणजे हा नियम माणसांनीच केलेला होता, आणि माणसांना तो बदलता आला. विवाहित स्त्रीसाठी मात्र तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव हीच पद्धत राहिली. पुण्यात नोकरीला आलेल्या तमिळ मुलाला तर आडनावच नसतं; तो तिथे वडिलांचं नाव नाहीतर नुसती टिंबं टाकतो. आणि शंभर कोटींहून जास्त लोकांचं आधार पूर्ण नावाच्या एकाच खोक्यावर चालतं.

यावर मॅनेजरचा आक्षेप असतो, 'डेटा स्वच्छ हवा.' आक्षेप खोटा नाही. मोकळं सोडलं तर एकाच माणसाच्या तीन नोंदी होतात, शिष्यवृत्ती दोनदा जाते. पण १ जून ही डेटाबेसमधली सगळ्यात स्वच्छ तारीख आहे, आणि सगळ्यात खोटीही. सक्तीने मिळतं ते फक्त भरलेलं खोकं. यंत्राला अर्धवट माहिती झेपत नाही, हेही खरं नाही. तारखांच्या आयएसओ ८६०१ या मानकात नुसतं '१९४८' लिहिता येतं. २०१९ पासून त्याच्या दुसऱ्या भागात '१९४८~', म्हणजे 'साधारण १९४८', असंही. सुरुवातीच्या कित्येक आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्षच आहे.

पत्त्याचंही तसंच. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटला सोसायटी, रस्ता, लँडमार्क सगळं असतं. निफाड-दिंडोरीकडे कुटुंब मळ्यात राहतं. रस्त्याला नाव नाही, मळ्याला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा त्यांनी लोकांचे पत्ते बदलायला लावले नाहीत. पत्ता होता तसा ठेवून शेजारी सहा आकडे दिले. यंत्राची सोय शेजारी ठेवायची, माणसाच्या जागी नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण रकाने वाढवले की फॉर्म सर्वसमावेशक झाला, असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, कारण पत्ता सांगितला की जात सांगून व्हायची. आडनावही पुष्कळदा तेच करतं. अशा माणसासाठी चांगला फॉर्म म्हणजे आडनाव न मागणारा फॉर्म. डॉक्टरांची वेळ घ्यायला आडनाव कशाला लागतं?

म्हणून एखाद्या रकान्यापुढे सक्तीची लाल चांदणी लावण्याआधी मी दोन प्रश्न लिहून ठेवते. हे उत्तर कोणाला, कशासाठी हवंय? आणि ज्याच्याकडे ते नाहीच, तो इथे काय टाइप करेल? दुसऱ्याचं उत्तर 'काहीतरी खोटं' असेल, तर ते खोटं बोलायला आपणच त्याला भाग पाडतोय.