सार्वजनिक कडा आणि कायमची खूण

जी वस्तु सर्वांची आहे तिच्यावर एकानें कायमची खूण करावी कीं नाहीं, आणि करावयाची तर कोणाच्या संमतीनें, हा प्रश्न दिसावयास साधा असला तरी नीतीच्या दृष्टीनें फार खोल आहे. नदी, अरण्य, नगर अशा मोठ्या विषयांत तो नित्य उपस्थित होतो. परंतु कधीं कधीं एखाद्या आडबाजूच्या छंदांत त्याचें स्वरूप अधिक स्वच्छ दिसतें. प्रस्तरारोहण, म्हणजे उभे कडे हातापायांच्या बळावर चढून जाणें, हा असाच एक छंद होय. अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांत या छंदासाठीं नव्या वाटा कशा पाडाव्या, याविषयीं अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या वादाचा विचार आम्ही येथें करणार आहों. कारण तो वाद केवळ गिर्यारोहकांचा नाहीं.

कड्यावर वाट पाडणें म्हणजे रस्ता खोदणें नव्हे. चढणारा कमरेला दोर बांधतो व तो वाटेंत ठिकठिकाणीं खडकाला अडकवीत जातो. म्हणजे हात सुटला तरी प्राण वाचतो. जेथें फट असते तेथें मागून काढून घेतां येईल अशी पाचर बसवून काम भागतें. जेथें खडक सपाट असतो तेथें मात्र भोंक पाडून पोलादी बोल्ट ठोकावा लागतो. पाचर निघून येते. बोल्ट मागें राहतो, आणि तो काढला तरी भोंक राहतेंच. साऱ्या वादाचें मूळ या भोंकांत आहे.

कॅलिफोर्नियांतील योसेमिटी उद्यानांत एल् कॅपिटन नांवाचा सुमारें ३,००० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा कडा आहे. वॉरन हार्डिंग व त्याचे सोबती १९५८ च्या नोव्हेंबरांत तो प्रथम चढून गेले. पुढें १९७० सालीं हार्डिंग व डीन कॉल्डवेल यांनीं २७ दिवस भिंतीवर काढून त्याच कड्याच्या दुसऱ्या अंगानें वाट केली. तींत त्यांनीं सुमारें ३०० भोंकें पाडलीं. रॉयल रॉबिन्स या तितक्याच नामांकित गिर्यारोहकास हा अतिरेक वाटला. १९७१ च्या आरंभीं तो त्याच वाटेनें निघाला आणि चढतां चढतां बोल्ट छाटीत चालला. परंतु कांहीं अंतर गेल्यावर त्यानें छाटणें थांबविलें, कारण वाट करणाऱ्यांचें कौशल्य त्याच्या प्रत्ययास आलें.

या वादांतील एका पक्षाचें म्हणणें असें: कडा जसा आहे तसा राहूं द्यावा. आज जें असाध्य तें उद्यांच्या पिढीस साध्य होईल. तिच्या वाट्याचें कोडें आपण आजच भोंकें पाडून सोडविणें हा तिच्यावर अन्याय आहे. हें म्हणणें पोकळ नाहीं. त्याच भिंतीवरून २०१५ च्या जानेवारींत टॉमी कॉल्डवेल व केव्हिन जॉर्गेसन हे केवळ हातापायांच्या बळावर, दोर पडतां सांवरण्यापुरताच ठेवून, चढून गेले. दुसरा पक्ष विचारतो: उद्यान सर्व लोकांच्या पैशानें राखिलें जातें, मग तेथील कडे मूठभर बलवंतांसाठींच कां असावे? चार बोल्टांनीं एखाद्या नवशिक्याचा जीव वाचत असेल तर खडकाच्या अब्रूपेक्षां माणसाचा जीव मोठा नव्हे काय?

आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्य आहे आणि दोन्हींत स्वार्थहि आहे. पहिल्याच्या शुद्धतेंत बळाचा गर्व मिसळलेला असतो. दुसऱ्याच्या भूतदयेंत सोयीची हांव. सोयीला सीमा नसते. आज पन्नास फुटांवर बोल्ट मागणारा उद्यां पंचवीस फुटांवर मागतो. आणि मुख्य गोष्ट ही कीं, दोघेहि कड्यावर हक्क सांगतात. कर्तव्य कोणीच सांगत नाहीं.

आपल्याकडे गांवच्या पाणवठ्यावर पायऱ्या बांधून देणें हें पुण्यकर्म मानीत आले आहेत. बांधणाऱ्यास पुण्य मिळतें. पाणवठा मिळत नाहीं. शिवाय पायरी निखळली, तिच्यावर शेवाळ चढलें, तर तिच्यावर विसंबून पाऊल टाकणारा बुडतो. पायरी नसती तर तो जपून उतरला असता. म्हणूनच जीर्णोद्धाराचें पुण्य नव्या बांधणीहून अधिक मानिलें आहे. बोल्टाची गोष्ट अगदीं हीच आहे. पोलाद पावसानें गंजतें. वीस-तीस वर्षांनीं त्याच बोल्टावर एखादा अनोळखी तरुण निःशंकपणें आपला भार टाकतो. बोल्ट ठोकणारा आपल्या नांवें वाट करीत नाहीं. तो आपल्या नांवें एक ऋण करतो, आणि तें न पाहिलेल्या माणसाचें असतें.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे नियम आपोआप उमगूं लागतात. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत वालुकाश्माचे सुळके आहेत. तेथील चढाईचे नियम रुडोल्फ फेरमान यानें १९१३ सालीं आपल्या मार्गदर्शक ग्रंथांत ग्रथित केले. त्या परंपरेंत पहिला चढणारा मोजक्याच लोखंडी कड्या बसवितो. गिर्यारोहकांच्या संस्थेनें ठरविल्यावांचून मागाहून कोणास त्यांत भर घालतां येत नाहीं. आणि ओला वालुकाश्म ठिसूळ होतो म्हणून पावसानंतर चढणेंच वर्ज्य आहे. योसेमिटींत बहिरी ससाण्याच्या विणीच्या हंगामांत ठराविक कडे बंद ठेवतात. तेथें हक्क पांखराचा आहे. वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर हा सुळका अनेक आदिवासी जमातींना पवित्र आहे. तेथें १९९५ च्या योजनेनें नवे बोल्ट ठोकण्यास मनाई केली, आणि जून महिन्यांत कोणी चढूं नये अशी विनंती केली. सक्ति नव्हे, विनंती. ती सर्वांनीं मानिली असें नाहीं. तथापि बहुतेकांनीं मानिली, हें आम्हांस त्या योजनेचें मोठें यश वाटतें.

कोणी म्हणेल, एवढें कशाला, कायदाच करावा. परंतु तो मार्गहि सरळ नाहीं. १९६४ च्या अमेरिकन कायद्यानें संरक्षित रानांत कोणतीहि कायमची उभारणी करण्यास मनाई आहे. बोल्ट ही उभारणीच होय, असा मसुदा सरकारी खात्यांनीं २०२३ च्या नोव्हेंबरांत काढला. त्यावर मोठा गलबला झाला, मसुदा मागें पडला, आणि २०२५ च्या जानेवारींत नव्या कायद्यानें अशा रानांतहि बोल्टांना मर्यादित मान्यता दिली. कायदा येथवरच येऊं शकतो. बोल्ट ठोकूं नये कीं ठोकावा, हें तो सांगेल. या ठिकाणीं, या फुटावर, तो खरोखर हवा कीं नाहीं, हें सांगण्यास कड्यावर कायदा नसतो, एकटा माणूस असतो.

त्या माणसानें गिरमीट टेकविण्यापूर्वीं स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या, असें आम्ही सुचवूं. पाचरीनें भागेल काय? ज्यांचा हा कडा आहे, त्यांत पांखरें आणि तेथील जुने रहिवासी आलेच, त्यांस विचारलें काय? आणि हा बोल्ट गंजेल तेव्हां तो बदलावयास कोण येणार आहे? पहिल्या दोहोंचीं उत्तरें कौशल्यानें आणि सौजन्यानें देतां येतात. तिसऱ्याचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्यानें वाट अपुरी सोडून खालीं उतरावें. कडा तेथेंच राहील, आणि तो चढूं शकणारें कोणी पुढें येईलच.